ओरडल्यावर काम होतं असं वाटतं, ते का वाटतं?

मुंबईत नोकरी करणाऱ्या कुणालाही विचारा, त्याच्या ऑफिसात एक तरी असा साहेब असतोच ज्याच्याबद्दल सगळे म्हणतात की माणूस कामाचा आहे पण तोंडाचा फटकळ. त्या साहेबाला विचारलं तर तो सांगतो की बाबांनो गोड बोलून बघितलं, ढिम्म फरक पडत नाही, आणि एकदा आवाज चढवला की दुसऱ्या दिवशी सगळे सरळ. तो खोटं बोलत नसतो बरं का. त्याने खरंच तसं बघितलेलं असतं, वर्षानुवर्षं बघितलेलं असतं, आणि म्हणूनच त्याला "राग वाईट असतो, शांत राहा" असं सांगून काही उपयोग होत नाही, कारण तुमचा उपदेश एकीकडे आणि त्याचा डोळ्यांनी बघितलेला अनुभव एकीकडे. मग तो अनुभवच जरा उलगडून बघूया, माझ्या मते सगळी गोम तिथे आहे.

डॅनियल काहनेमन नावाचे मानसशास्त्रज्ञ होते, २००२ साली त्यांना अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं. तरुणपणी ते इस्रायलच्या हवाई दलातल्या फ्लाइट इन्स्ट्रक्टर लोकांना शिकवत होते की शिक्षेपेक्षा कौतुकाने माणूस लवकर शिकतो. तर एक जुना इन्स्ट्रक्टर उठला आणि म्हणाला की साहेब हे आमच्याकडे चालत नाही, एखाद्या पोराने विमान सुंदर फिरवलं आणि मी शाबासकी दिली की पुढच्या वेळी तो हमखास वाईट करतो, आणि घाण केल्यावर मी हेडफोनमधून त्याच्यावर ओरडलो की पुढच्या वेळी सुधारतो. म्हणजे आपला फटकळ साहेबच की हा, फक्त विमानवाला. काहनेमन यांच्या तिथेच लक्षात आलं की इन्स्ट्रक्टरने बघितलेलं अगदी बरोबर आहे, पण त्यावरून काढलेला निष्कर्ष चुकीचा आहे.

हे समजायला घरातला लुडोचा फासा घ्या. एक पडला की फाश्यावर जोरात ओरडायचं, आणि सहा पडला की त्याचं तोंडभरून कौतुक करायचं. काय होईल? एक पडल्यानंतर पुढचं दान एकापेक्षा मोठं पडण्याची शक्यता सहापैकी पाच, म्हणजे ओरडल्यावर फासा बहुतेक वेळा "सुधारणार". आणि सहा पडल्यावर पुढचं दान त्याहून लहान पडण्याची शक्यता पण सहापैकी पाच, म्हणजे कौतुक केलं की फासा "बिघडणार". फाश्याला कान नाहीत, त्याला काहीच कळलेलं नाही, पण असं दिवसभर खेळत बसलात तर संध्याकाळपर्यंत तुमची पक्की खात्री होईल की फाश्याला ओरडलेलंच कळतं.

माणूस म्हणजे काही फासा नाही हे कबूल, पण माणसाच्या कामातसुद्धा रोजचा चढउतार असतोच. समजा अंधेरीच्या एका ऑफिसात एक मुलगी दिवसाला सरासरी २० लोनच्या फायली क्लिअर करते. एखाद्या दिवशी सिस्टीम नीट चालते, फायली सोप्या येतात, २६ होतात. एखाद्या दिवशी रात्रभर मूल तापाने फणफणलेलं असतं, त्यात सर्व्हर दोन तास बंद, मग १३ होतात. साहेब ओरडतो कधी, तर १३ च्या दिवशी. दुसऱ्या दिवशी ती आपल्या नेहमीच्या २० च्या आसपास येते, ती ओरडा न खाता पण आलीच असती, पण साहेबाला दिसतं की झापली आणि १३ चे १९ झाले. २६ च्या दिवशी "वा, मस्त" म्हणाला तर दुसऱ्या दिवशी परत २१, म्हणजे लाडावली. संख्याशास्त्रात याला सरासरीकडे परत येणं म्हणतात. कामाच्या जागी राग इतका घट्ट का बसलाय याचं याच्याइतकं पटणारं कारण मला तरी दुसरं सापडलेलं नाही, कारण यात रागावणाऱ्याला बहुतेक वेळा बक्षीस मिळतं आणि कौतुक करणाऱ्याला बहुतेक वेळा शिक्षा होते, आणि दोन्ही खोटी असतात.

याची परीक्षा घेणं तसं काही अवघड नाही. १३ च्या दिवशी काहीच बोलायचं नाही, आकडा वहीत लिहायचा आणि पुढचा दिवस बघायचा. बहुतेक ठिकाणी कुणी हे करत नाही, कारण राग आला की बोलून मोकळं व्हायची इतकी घाई असते की न बोलता काय झालं असतं हे बघायची वेळच येत नाही.

आता कुणी म्हणेल की अहो पण ओरडल्यावर माणूस मोबाइल ठेवून लगेच कामाला लागतो, ते तर डोळ्यांसमोर दिसतं. दिसतं ना, नाकारत नाहीच. भीतीने हात हलतात. पण ज्या कामात डोकं लागतं तिथे काय होतं ते बघा. २०१५ साली इस्रायलमधलाच एक प्रयोग प्रसिद्ध झाला, नवजात बाळांच्या आयसीयूमधल्या डॉक्टर-नर्सच्या २४ टीम घेतल्या, त्यांना ट्रेनिंगसाठी एक बनावट केस दिली, अपुऱ्या दिवसांचं बाळ आणि त्याच्या आतड्याचा गंभीर आजार. काही टीमना एका परदेशी तज्ज्ञाने मधेच हलकासा टोमणा मारला, इथल्या वैद्यकीय दर्जाबद्दल, बाकीच्यांशी तो सरळ बोलला. टोमणा खाल्लेल्या टीमचं निदान पण खराब झालं आणि हातातलं काम पण खराब झालं. आणि का झालं ते जास्त महत्त्वाचं आहे, त्यांनी एकमेकांना माहिती कमी सांगितली आणि एकमेकांकडे मदत कमी मागितली. हा नुसता टोमणा होता हं, आपल्याकडे केबिनचं दार उघडं ठेवून अख्ख्या फ्लोअरला ऐकू जाईल असं झापतात.

यावरून भिवंडीच्या एखाद्या गोडाऊनचा विचार करा. डिस्पॅचला बसलेल्या पोराला दुपारी चार वाजता कळतं की चाळीसेक बॉक्सवर चुकीच्या गावाचं लेबल लागलंय. सुपरवायझर समजूतदार असेल तर चार वाजून पाच मिनिटांनी त्याला कळतं आणि साडेपाचपर्यंत लेबलं बदलून होतात. सुपरवायझर आगपाखड करणारा असेल तर ते पोरगं गपचूप एकट्याने निस्तरायला बघतं, कुणाला सांगत नाही, सहाला गाडी सुटते, आणि मग दोन दिवसांनी क्लायंटचा फोन येतो. आता सुपरवायझर दुप्पट भडकतो आणि परत तेच, की या लोकांना सांगून समजत नाही. चूक चार वाजता त्याच्यापर्यंत पोचली नाही ती त्याच्या मागच्या रागामुळे, हे त्याला कुणीच सांगणार नाही, कारण ते सांगायला पण तीच हिंमत लागते. हार्वर्डच्या एमी एडमंडसन यांनी १९९० च्या दशकात हॉस्पिटलच्या वॉर्डांचा अभ्यास केला तेव्हा आधी त्याच गोंधळल्या, कारण चांगल्या टीममध्ये औषधांच्या चुका जास्त दिसत होत्या. मग खोलात गेल्यावर लक्षात आलं की त्या टीममध्ये चुका लपवल्या जात नव्हत्या, म्हणून नोंदल्या जात होत्या. जिथे साहेबाचा धाक होता तिथलं रजिस्टर स्वच्छ होतं. आपल्याकडेसुद्धा "माझ्या डिपार्टमेंटला एक चूक नाही" असं कुणी छाती ठोकून सांगितलं की मला आधी तिथल्या पोरांची काळजी वाटते.

राग वरून खाली घरंगळत येतो हे तर सगळ्यांना माहीतच आहे. मोठे साहेब मॅनेजरला, मॅनेजर एक्झिक्युटिव्हला, एक्झिक्युटिव्ह कॉन्ट्रॅक्टवरच्या पोराला, ते पोरगं वॉचमनला, आणि रात्री सगळे आपापल्या घरच्यांना. वड्याचं तेल वांग्यावर. यात वाईट हे आहे की जसजसा राग खाली येतो तसतसं समोरच्या माणसाच्या हातात ते बदलण्याची ताकद कमी कमी होत जाते. बँकेच्या काउंटरवरच्या मुलीने सर्व्हर बंद पाडलेला नसतो. लाल सिग्नलला गाडी उभी करणाऱ्या मोटरमनला ती मनाला येईल तशी पुढे न्यायची परवानगी नसते, आणि मध्य रेल्वे रखडते त्याची कारणं म्हणजे रुळांवर मेल-एक्स्प्रेस पण आणि लोकल पण, कुठे रेल्वे फाटकं, कधी ओव्हरहेड वायर, कधी पाणी, यातलं एकही तिकीट खिडकीच्या आत बसलेल्या बाईंच्या टेबलावर नसतं. कस्टमर केअरला फोन उचलणाऱ्या मुलाला स्क्रीनवर जेवढं दिसतं तेवढंच तो बोलू शकतो, आणि तुम्ही कितीही बोललात तरी त्याने आवाज मऊ ठेवायचा हा त्याच्या नोकरीचा भाग आहे. आर्ली हॉकशील्ड या समाजशास्त्रज्ञ बाईंनी १९८३ मध्ये विमानातल्या हवाई सुंदरींचा अभ्यास करून याला भावनिक श्रम म्हटलं, म्हणजे चेहऱ्यावर ठेवलेलं हसू हीसुद्धा मेहनत आहे, तिचाही थकवा येतो, आणि पगाराच्या स्लिपवर ती कुठे दिसत नाही.

तरी आपण त्याच माणसावर का ओरडतो? एक कारण शरीराचं आहे. राग आला की किडनीच्या वर बसलेल्या अॅड्रिनल ग्रंथी अॅड्रिनलिन सोडतात, छाती धडधडते, रक्तदाब वर जातो, आणि हे सगळं राग आणणारी गोष्ट संपल्यावर लगेच खाली येत नाही. डॉल्फ झिलमन या मानसशास्त्रज्ञांनी १९७० च्या दशकात दाखवलं की आधीच्या कुठल्याही कारणाने शरीर चेतलेलं असेल, अगदी व्यायामाने सुद्धा, आणि त्यात कुणी डिवचलं, तर माणूस एरवीपेक्षा जास्त भडकतो, कारण आधीची उरलेली धडधड तो नव्या कारणाच्या खात्यावर जमा करतो. आता बदलापूरहून निघालेला माणूस डोळ्यांसमोर आणा, मे महिन्यातली सकाळ, दाराशी लटकत घाटकोपर, तिथून गर्दीतून रेटत पूल चढून मेट्रो, परत गर्दी, परत रिक्षाची लाईन, आणि दहा वाजून सात मिनिटांनी ऑफिसात पोचल्यावर पहिलं वाक्य ऐकू येतं की "सर, प्रिंटर चालत नाहीये". त्या प्रिंटरवर जो राग निघतो तो प्रिंटरचा नसतोच. म्हणून माझं प्रामाणिक मत आहे की मुंबईत सकाळी पोचल्यापोचल्या कुणाच्या कामाचा हिशेब घ्यायला बसू नये, आधी पाणी प्यावं, पंख्याखाली बसावं, पंधरा-वीस मिनिटं जाऊ द्यावीत, शरीर खाली येऊ द्यावं.

दुसरं कारण म्हणजे आपण दुसऱ्याला मोजतो वेगळ्या मापाने. मी उशिरा आलो तर ट्रेन लेट होती, तो उशिरा आला तर बेजबाबदार आहे. स्वतःच्या बाबतीत आपल्याला परिस्थिती दिसते, दुसऱ्याच्या बाबतीत स्वभाव. दुसऱ्याची परिस्थिती विसरून त्याचा स्वभावच बघण्याच्या या सवयीला मानसशास्त्रज्ञ ली रॉस यांनी १९७७ मध्ये नाव दिलं, पण नाव माहीत नसलं तरी हे रोज घडतंच.

मग राग बाहेर काढून टाकावा का, म्हणजे मन मोकळं होतं? हा समज फार जुना आहे, मनाचे आजार बघणारे डॉक्टर फ्रॉइड आणि ब्रॉयर यांच्या काळापासून, म्हणजे १८९५ पासून तर नक्कीच, आणि इतका पसरलाय की पैसे घेऊन सामान फोडू देणाऱ्या खोल्या निघाल्यात. ब्रॅड बुशमन या मानसशास्त्रज्ञांनी २००२ मध्ये ६०० विद्यार्थ्यांवर हे तपासलं. आधी त्यांना राग आणला, मग काहींना राग आणणाऱ्याचा विचार करत पंचिंग बॅगवर ठोसे मारायला सांगितले, काहींना व्यायाम म्हणून मारायला सांगितले, आणि काहींना नुसतं दोन मिनिटं बसवलं. ज्यांनी त्या माणसाचा विचार करत ठोसे मारले त्यांचाच राग सगळ्यात जास्त राहिला आणि नंतर दुसऱ्याला त्रास द्यायची इच्छा पण त्यांचीच जास्त, आणि जे काही न करता बसले ते सगळ्यात बरे. २०२४ मध्ये त्यांनी आणि सोफी केअर्विक यांनी मिळून १५४ अभ्यास एकत्र केले, १० हजारांहून जास्त माणसं, आणि तेच निघालं की शरीर शांत करणाऱ्या गोष्टींनी, म्हणजे खोल श्वास, ध्यान, योग, स्नायू सैल सोडणं, यांनी राग उतरतो, आणि शरीर तापवणाऱ्या गोष्टींनी उतरत नाही. संध्याकाळी स्टेशनबाहेरच्या टपरीवर कटिंग घेत साहेबाच्या नावाने रोज तीच कहाणी परत सांगणं, आज काय बोलला, काल काय बोललेला, हे बरं वाटतं खरं पण ते ठोसे मारण्यातलंच आहे. त्याच टपरीवर "उद्या काय करू" असं कुणाला विचारलं तर ते वेगळं.

आणि गिळणं? आपल्याकडे बहुतेक लोकांना तेच शिकवलेलं असतं, राग गिळ, चेहऱ्यावर दाखवू नको. स्टॅनफर्डचे जेम्स ग्रॉस यांच्या प्रयोगांत दिसलं की चेहरा दाबून ठेवला तरी आतली धडधड तशीच राहते किंवा वाढते, आणि त्या वेळात समोर काय बोललं गेलं तेसुद्धा नीट लक्षात राहत नाही. म्हणजे मीटिंगमध्ये दात-ओठ खात गप्प बसलेला माणूस अर्धी मीटिंग ऐकतच नसतो. त्यापेक्षा घटनेकडे बघायची बाजू बदलली, म्हणजे हा माझा अपमान करतोय की याच्यावर वरून प्रेशर आहे असं स्वतःला विचारलं, तर आत पण खरंच कमी होतं. अजून एक साधी गोष्ट, मनातल्या मनात "मला आत्ता राग आलाय" असं शब्दांत म्हणायचं. २००७ मध्ये मॅथ्यू लिबरमन यांनी मेंदूच्या स्कॅनमध्ये दाखवलं की भावनेला नाव दिलं की मेंदूतल्या अमिग्डाला या, भीती-रागासारख्या भावनांशी जोडलेल्या भागाची उसळी कमी होते. करून बघायला पैसे लागत नाहीत.

तब्येतीचं थोडक्यात सांगतो, कारण घाबरवायचं नाहीये. १९९५ च्या एका मोठ्या अभ्यासात संतापाच्या झटक्यानंतर पुढच्या दोन तासांत हार्ट अटॅकचा धोका दुपटीहून जास्त दिसला. २०२४ मध्ये २८० तरुण-निरोगी लोकांना फक्त आठ मिनिटं रागाची आठवण काढायला लावली तर रक्तवाहिन्यांची सैल व्हायची क्षमता ४० मिनिटांपर्यंत कमी राहिली. एकदा झालं तर शरीर सावरतं. रोज दिवसातून चार वेळा होत असेल तर त्याचा विचार ज्याने त्याने करावा, आणि ज्याच्यावर रोज ओरडतात त्याचं शरीर पण यातूनच जातं हे धरून.

एक आक्षेप खरा आहे आणि तो टाळायचा नाही. लोक म्हणतात राग आलाच नाही तर अन्याय कोण थांबवणार, गरीब माणसाकडे रागाशिवाय असतं काय. त्यात अजून भर म्हणजे राग दाखवायची मुभा पण सगळ्यांना सारखी नाही, २००८ च्या एका अमेरिकन अभ्यासात पुरुषाने ऑफिसात राग दाखवला तर लोकांनी त्याला वजनदार मानलं आणि बाईने तोच राग दाखवला तर तिची किंमत कमी केली. म्हणजे "तुम्ही पण आवाज चढवा" हा सल्ला निम्म्या लोकांना उलटा पडतो.

पण अन्यायाबद्दलचा राग कामाला कसा लावायचा याचा धडा याच शहरात आहे. १८८० च्या दशकातला गिरणगाव, पहाटेपासून अंधार पडेपर्यंत काम, आठवड्याची सुट्टी नाही, पगार कधी होईल याचा भरवसा नाही. संताप यायला याहून जास्त काय पाहिजे? नारायण मेघाजी लोखंडे, जोतिबा फुल्यांचे सत्यशोधक सहकारी, त्यांनी १८८४ मध्ये बॉम्बे मिल हँड्स असोसिएशन उभी केली, परळला कामगारांची सभा घेतली आणि मागण्या लिहून काढल्या. रविवारी सुट्टी, दुपारी अर्धा तास विश्रांती, काम सकाळी साडेसहा ते सूर्यास्त, पगार पुढच्या महिन्याच्या १५ तारखेच्या आत, आणि कामावर जखमी झाला तर भरपाई. त्यावर ५ हजारांहून जास्त कामगारांनी सह्या केल्या. १० जून १८९० ला गिरणी मालकांनी रविवारची सुट्टी मान्य केली. त्या मागण्यांमध्ये "आम्ही फार चिडलो आहोत" असं काही नाही बघा, तास आहेत, तारखा आहेत, आणि त्या अशा माणसांसमोर ठेवल्या ज्यांच्या हातात बदल करायची सत्ता होती. राग जॉबरवर, म्हणजे मुकादमावर निघाला असता तर एखादा मुकादम बदलला असता, रविवार मिळाला नसता.

आज आपल्याला तर सभा पण घ्यायची गरज नाही, बऱ्याच गोष्टींना कायदेशीर रस्ता आहे, फक्त काउंटरवर आवाज चढवण्याच्या नादात तो वापरायचा राहून जातो. सरकारी ऑफिसात दाखला अडकलाय, तर महाराष्ट्रात २०१५ पासून लोकसेवा हक्क कायदा आहे. कुठली सेवा किती दिवसांत द्यायची आणि जबाबदार अधिकारी कोण याचा बोर्ड ऑफिसात लावलेला असला पाहिजे. अर्ज दिल्यावर पोच घ्यायची, त्यावर अर्जाचा नंबर आणि तारीख आहे ना ते तिथेच बघायचं. मुदत उलटली की ३० दिवसांच्या आत पहिलं अपील करायचं, त्याने नाही झालं तर दुसरं, आणि विनाकारण उशीर केला असं ठरलं तर त्या अधिकाऱ्याला ५०० ते ५००० रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. बँकेचं असेल तर आधी बँकेत लेखी तक्रार, ३० दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही तर रिझर्व्ह बँकेचा लोकपाल, त्याची फी नाही. रेल्वेचं असेल तर १३९. आणि ऑफिसात कुणाला चिडून मेल लिहिलाच असेल तर जीमेलच्या सेटिंगमध्ये पाठवलेला मेल परत घ्यायची मुदत ३० सेकंदांपर्यंत वाढवता येते, मुळात ती ५ सेकंदच ठेवलेली असते, ती आजच बदलून घ्या.